वाचक विचारतात : गुहेत नेण्यासाठी हेडटॉर्च कोणता घ्यावा?

दिवाळीनंतर डोंगरात जाणाऱ्यांची तयारी सुरू होते, तशी या सदराकडे हेडटॉर्चबद्दलची पत्रं वाढतात. या अंकात त्यांतली सात पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची मुळं त्यातच आहेत.

आम्ही सहा जण फेब्रुवारीत मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांत आठ दिवस जाणार आहोत. आजवर मसाई पठारावरची पांडवदरा लेणी आणि गगनबावड्याकडची एक-दोन भुयारं एवढाच अनुभव. दिव्यासाठी माणशी आठ हजार रुपये बाजूला ठेवलेत. कुठे आयपीएक्स ४ लिहिलेलं असतं, कुठे आयपीएक्स ७, कुठे आयपी ६८. उजेडाचे लुमेन तर ४०० पासून १२,००० पर्यंत. यातलं खरं काय धरायचं आणि नक्की काय घ्यायचं? – वाचक, राजारामपुरी

आधी जागेचा फरक ध्यानात घ्या. आपल्याकडचा दगड बेसाल्ट, त्यावर जांभा. पाण्यात विरघळून मैलोन्‌मैल पोकळ्या तयार व्हाव्यात, असा हा दगड नाही. पोहाळ्याची लेणी असोत की पांडवदरा, ती माणसाने कोरलेली आहेत आणि आत उभं राहिलं तरी पाठीमागे दाराचा उजेड असतो. चुनखडीची गोष्ट वेगळी. मेघालयातली क्रेम लियाट प्राह ही गुहा मोजलेल्या लांबीने ३० किलोमीटरच्या वर जाते. अशा गुहांत कधी कमरेएवढ्या पाण्यातून चालावं लागतं, तर कधी छाती जमिनीला टेकवून सरपटावं लागतं. तिथे दिवा विझला की डोळे सरावतील म्हणून थांबण्यात अर्थ नसतो. उजेडाचा एक कणही नसल्यामुळे डोळे कितीही वेळ सरावत नाहीत. म्हणून गुहेचा दिवा निवडताना ‘किती लख्ख पडतो’ हा दुसरा प्रश्न झाला. ‘कशामुळे बंद पडेल आणि तेव्हा माझ्याकडे काय असेल’ हा पहिला.

आता आकडे. आयपी म्हणजे दिवा धूळ आणि पाणी किती अडवतो याची ठरलेली श्रेणी. आयपीनंतरचा पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिल्या जागी ६ असेल तर धूळ अजिबात आत जात नाही. तिथे एक्स असेल तर धुळीची चाचणी सांगितलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा अंक ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे. पावसात चालायला एवढं पुरतं. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण परिस्थितीत सलग बुडवून, पण किती खोल आणि किती वेळ हे बनवणारा ठरवतो, म्हणून आयपी ६८ दिसलं की शेजारी ‘दोन मीटर, ३० मिनिटं’ असं काही छापलंय का ते बघा. छापलं नसेल तर त्या ८ ला ७ समजून चाला. आणखी एक बारकावा : ७ वाला दिवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यात टिकेलच असं नाही, ती ६ ची वेगळी चाचणी आहे. गुहेसाठी आयपी ६७ ही आमची खालची मर्यादा. त्यातला पहिला ६ विसरू नका. गुहेतला चिखल वाळला की त्याचं पीठ होतं आणि ते बटणाच्या कडेने आत शिरतं.

लुमेनबद्दल एक हिशोब पाठ करा. आजचे चांगले एलईडी, मधल्या सर्किटचं नुकसान धरून, एका वॉटला ढोबळमानाने १०० लुमेन देतात. १८६५० नावाचा जो जाडसर लिथियम सेल बहुतेक चांगल्या हेडटॉर्चमध्ये असतो (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब), तो ३,५०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप) असला तर त्यात ३.५ गुणिले त्याचे ३.६ व्होल्ट, म्हणजे १२.६ वॉट-तास ऊर्जा असते. २०० लुमेनला दोन वॉट लागतात, म्हणजे सहा तास मिळतात. १०० लुमेनवर बारा. १,००० लुमेनवर सव्वा तास, आणि तोही कागदावरच, कारण १० वॉटची उष्णता त्या छोट्या डबीतून बाहेर पडत नाही आणि दिवा काही मिनिटांत आपणहून मंद होतो. १२,००० लुमेन हवे असतील तर १२० वॉट लागतील. एवढी ताकद एका सेलमधून निघणंच शक्य नाही, आणि निघाली असती तरी सेल सहा मिनिटांत रिकामा झाला असता. त्यामुळे तो आकडा लिहिलेला दिवा सरळ यादीतून काढा. ज्याने पुठ्ठ्यावर खोटं छापलं, त्याने आतल्या, पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगेवरही पैसे वाचवलेले असतात.

खोक्यावर ‘एफएल १’ हे चिन्ह असेल तर आकडे एका ठरलेल्या पद्धतीने मोजलेले असतात. लुमेन दिवा लावल्यानंतर किमान ३० सेकंदांनी मोजतात. किती मीटरपर्यंत झोत जातो, याची हद्द पौर्णिमेच्या चांदण्याएवढ्या उजेडावर, म्हणजे पाव लक्सवर धरतात. आणि किती तास चालतो हे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचं असतं. इथेच फसगत होते. १,००० लुमेन आणि पाच तास, असं लिहिलेला दिवा चौथ्या मिनिटाला ३०० वर उतरून पुढे पाच तास घसरत राहिला, तरी ते लिहिणं नियमात बसतं. म्हणून कंपनीने दिलेला वेळ-उजेडाचा आलेख शोधा. ज्याची रेघ बराच काळ सपाट जाते आणि शेवटी खाली येते, तो दिवा गुहेसाठी बरा. सुरुवातीपासून उतरणीला लागलेली रेघ म्हणजे तुमच्या नकळत कमी होत जाणारा उजेड.

गुहेत खरोखर लागतं किती? सरपटताना ५० ते १०० लुमेन पुष्कळ झाले. भिंत तोंडापासून हातभर असते आणि जास्त उजेड डोळ्यांवरच उलटतो. चालताना १५० ते ३००. मोठ्या दालनाचं छत बघायला किंवा उभ्या खड्ड्याचा तळ शोधायला ५०० च्या वर, तेही अर्धा-एक मिनिट. उजेड किती यापेक्षा तो कसा पसरतो हे इथे महत्त्वाचं. झोतवाला दिवा समोर एक गोल वाटोळं दाखवतो आणि पायाखालची फट दाखवत नाही. तुम्हाला रुंद पसरणारा उजेड आणि लांबचा झोत, दोन्ही हवेत, शक्यतो वेगवेगळ्या एलईडीचे. रंग निळसर पांढरा घेऊ नका. ४,००० ते ५,००० केल्विनच्या जरा उबदार उजेडात ओला दगड, चिखल आणि पाण्याचा तळ यांतला फरक चांगला कळतो. हात पुढे आला की आपोआप मंद होणारे सेन्सरवाले दिवे घराबाहेरच्या व्यायामाला ठीक आहेत. गुहेत भिंत जवळ आली की ते नको तेव्हा मंद होतात. सेन्सर पूर्ण बंद करता येत नसेल तर असा दिवा घेऊ नका.

घडण बघताना एक निवड करावी लागते. काही दिव्यांत पुढे दिवा, मागे सेलची पेटी आणि मध्ये वायर असते. वजन विभागलं जातं हे खरं, पण मागची पेटी कमी उंचीच्या छताला घासते आणि वायर पेटीत शिरते त्या जागी वाकून वाकून आतून तुटते. वरून ती धडधाकट दिसते, दिवा मात्र मान हलवली की लुकलुकतो. पहिल्या मोहिमेला जाणाऱ्यांनी वायर नसलेला, एकाच ॲल्युमिनियमच्या नळीत सेल आणि दिवा असलेला घ्यावा, असं आमचं मत आहे. त्यात उघडण्याच्या जागा कमी, म्हणून पाणी शिरण्याच्याही कमी. नळीला एक किंवा दोन टोप्या असतात, त्यांच्या आट्या स्वच्छ कापलेल्या आणि रिंगा बोटाला जाणवतील अशा असाव्यात. बटण चिखलाने भरलेल्या हातमोज्यातून दाबता यायला हवं. दुकानातच जाड मोजा घालून बघा. चार्जिंगचं भोक रबरी झाकणाखाली असेल तर ते झाकण हीच सगळ्यात कच्ची जागा. सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर भरता येतो असाच दिवा घ्या. आतच कायमचा बसवलेला सेल संपला की गुहेत तुम्ही काहीच करू शकत नाही.

जगभरचे गुहावाले फ्रान्सच्या पेट्झल कंपनीचा डुओ किंवा स्वित्झर्लंडचा स्कुरिऑन यांचं नाव घेतात ते उगाच नाही, पण पहिल्याच वेळी त्या किमतीत शिरायची गरज नाही. तुमच्या आठ हजारांत एक भारी दिवा आणि एक कामचलाऊ, असं करू नका. एकाच प्रकारचा सेल घेणारे, आयपी ६७ किंवा ६८ चे, जवळपास सारख्या ताकदीचे दोन घ्या. उरलेल्यात दोन जादा सेल, चार्जर आणि तिसरा एक छोटा, पेन्सिल सेलवर चालणारा दिवा बसवा. माणशी तीन स्वतंत्र दिवे हा गुहावाल्यांचा जुना नियम आहे आणि त्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा : एका सेलवर चालणारे दोन एलईडी म्हणजे दोन दिवे नव्हेत. दुसरा दिवा सॅकच्या तळाशी ठेवू नका. तो हेल्मेटवर किंवा गळ्यात हवा, कारण पहिला बंद पडल्यावर सॅक शोधायलाच दिवा लागतो.

निघण्यापूर्वी घरी डोळे मिटून सेल बदलायचा सराव करा. टोपी उघडणं, जुना सेल डाव्या खिशात, नवा उजव्या खिशातून, अधिक टोक दिव्याकडे, टोपी बंद. मिनिटाच्या आत जमलं पाहिजे. नव्या सेलच्या अधिक टोकाकडच्या वेष्टनावर चिकटपट्टीचा एक वेढा घालून ठेवला तर अंधारात बोटाला दिशा कळते.

जाता जाता विमानाचं. कोल्हापूरहून पुणे-मुंबई आणि पुढे गुवाहाटीला विमानाने जाणार असाल तर सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायचे, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. प्रत्येक सेल प्लास्टिकच्या डबीत वेगळा ठेवा.

माझ्या दिव्यावर आयपीएक्स ७ लिहिलंय. राधानगरीकडे ओढा ओलांडताना पाय घसरला, दिवा फार तर दोन सेकंद पाण्याखाली गेला आणि काचेच्या आत दव धरलं. दुकानदार म्हणतो, ‘तुम्ही टोपी नीट लावली नसणार.’ एक मीटर आणि अर्धा तास टिकणारा दिवा दोन सेकंदांत कसा काय हरतो? – वाचक, कसबा बावडा

टोपी नीट लावली असतानाही हे होऊ शकतं. आयपीएक्स ७ ची चाचणी करताना दिवा आणि पाणी यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक असू नये, असा नियम आहे. तुमचा दिवा बराच वेळ मोठ्या उजेडावर चालू असणार. समजा त्याचं अंग ५० अंशांपर्यंत तापलं होतं आणि ओढ्याचं पाणी २० अंशांचं होतं. आतली हवा एकदम निवली की तिचा दाब साधारण नऊ टक्क्यांनी उतरतो. हे जवळजवळ एक मीटर पाण्याच्या दाबाइतकं होतं. म्हणजे दिवा वीतभर पाण्यात असला तरी आतून ओढ लागते आणि बाहेरचं पाणी रिंगेच्या कडेने आत खेचलं जातं. नव्या, स्वच्छ रिंगेने हे सहन केलं असतं. रिंगेवर वाळूचा एक कण किंवा केस असला तर ती तिथेच हरते.

म्हणून दोन गोष्टी. पाण्यात शिरायच्या आधी पाच मिनिटं दिवा कमी उजेडावर आणा. आणि रिंगेची निगा राखा, ती अशी : टोपी काढा. रिंग दात कोरायच्या लाकडी काडीने उचला, सुई किंवा चाकू लावू नका, त्याने पडलेला चरा डोळ्यांना दिसत नाही पण पाण्याला वाट देतो. रिंग आणि खाच ओल्या कपड्याने पुसा, आट्यांमधला काळा मळ काढा. रिंग बोटांनी जरा ताणून उजेडात फिरवा. चीर दिसली, किंवा रिंग एका अंगाने चपटी झाली असली, तर बदला. मोहरीच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस दोन बोटांत घेऊन रिंगेवर फिरवा, ती नुसती चकाकली पाहिजे. जास्त ग्रीस माती धरून ठेवतं. काळी नायट्राइल रबराची रिंग असेल तर हेच ग्रीस योग्य. सिलिकॉन रबराच्या मऊ रिंगेला मात्र ते लावायचं नाही, ती फुगते. खोबरेल तेल तर नकोच; थंडीत ते थिजतं आणि धूळ धरतं.

रिंग आतून किती व्यासाची आणि तिचा दोर किती जाड, हे व्हर्नियरने मोजून घेतलं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल सीलच्या दुकानात तशीच नायट्राइलची मिळते. दोन-चार जास्तीच्या घेऊन सेलच्या डबीत टाका.

आता तुमच्या ओल्या दिव्याचं. सेल आधी काढा. आत ओढ्याचं गढूळ पाणी गेलं असेल तर नळीचा आतला भाग स्वच्छ पाण्याने विसळा, कारण गाळ आत वाळू देणं हे पाण्यापेक्षा वाईट. मग झटकून, टोपी उघडी ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. तांदळात पुरून उपयोग होत नाही, उलट पिठूळ कण आत जातात. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही नको. सेलवर ओलाव्याचे डाग किंवा गंज दिसला तर तो सेल बाद करा.

दुरुस्तीनंतर परीक्षा घरच्या बादलीत घ्या. सेल काढा, नळीत कोरड्या टिश्यू पेपरची गुंडाळी घाला, टोपी लावा. दिवा गरम पाण्याच्या, हाताला सोसेल एवढ्या, भांड्यात पाच मिनिटं धरा आणि लगेच गार पाण्याच्या बादलीत तळाला अर्धा तास ठेवा. बाहेर काढून आधी पुसा, मगच उघडा. कागदावर ओला ठिपकाही नको.

इंटरनेटवर ९,८०० एमएएचचे १८६५० सेल अडीचशेला दोन मिळतात. माझ्याकडचा ३,००० चा आहे. तीन पट जास्त वेळ चालतील ना? – वाचक, इचलकरंजी

नाही. या मापाच्या सेलमध्ये आज साधारण ४,००० एमएएचच्या वर ऊर्जा बसत नाही, मग वेष्टनावर काहीही छापलेलं असो. सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर ठेवून बघा : खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तिशीच्या आसपास भरला तर आत कमी माल आहे, कधी कधी जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल नव्या वेष्टनात असतो. असा सेल एकदम जास्त वीज मागितली की तापतो, आणि कपाळावर तापणारा लिथियम सेल ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. जास्त वेळच हवा असेल तर २१७०० मापाचा (२१ मिलिमीटर जाड, ७० लांब) दिवा घ्या, त्याचे सेल ४,००० ते ५,००० एमएएचचे असतात.

घेताना लांबी तपासा. आत संरक्षक सर्किट असलेला सेल ६५ ऐवजी ६८-७० मिलिमीटर भरतो आणि काही दिव्यांत बसत नाही. जबरदस्तीने टोपी आवळली तर स्प्रिंग दबते आणि नंतर दिवा झटका बसला की विझतो. वेष्टन फाटलेला सेल वापरू नका, सेलचं सगळं अंग ऋण टोक असतं. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. तीनच्या खाली गेलेला आणि बरेच महिने तसाच पडलेला सेल पुन्हा भरण्याच्या फंदात पडू नका. मोहीम संपल्यावर अर्धवट भरून, साडेतीन ते पावणेचार व्होल्टच्या दरम्यान ठेवा आणि दिव्यातून बाहेर काढा.

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड रात्रीच्या टप्प्यासह जाताना तीस मुलं सोबत असतात. धुक्यात हेडटॉर्च लावला की समोर पांढरी भिंत दिसते. जास्त लुमेनचे दिवे घ्यावेत का? – वाचक, जयसिंगपूर

लुमेन वाढवले तर भिंत आणखी पांढरी होईल. दिवा डोळ्यांच्या वर चार बोटांवर असतो, त्यामुळे धुक्याच्या थेंबांवरून परतणारा उजेड थेट डोळ्यांत येतो. तुमचा स्वतःचा श्वाससुद्धा थंडीत हेच करतो. गुहेत थांबून बोलताना ते फार जाणवतं. दिवा कपाळावरून काढून कमरेच्या उंचीवर हातात धरा, उजेड ५०-८० लुमेनवर आणा आणि झोत पायापुढे दोन-तीन मीटरवर टाका. वाट लगेच दिसू लागते. तुमच्या कामाला आयपीएक्स ४ पुरेसं आहे, गुहेचे महागडे दिवे घेण्याची गरज नाही. तीस मुलांसाठी सगळे दिवे एकाच सेलचे असावेत आणि रिचार्ज होणारे निकेलचे पेन्सिल सेल वापरावेत. साधे अल्कलाइन सेल ओल्या दिव्यात पाझरून पत्र्या खातात, आणि पुढच्या जुलैत दिवे उघडले की हिरवट-पांढरा थर निघतो.

शिरोलीच्या फाउंड्रीत मला पिवळं हेल्मेट मिळालेलं आहे. तेच गुहेसाठी वापरून त्याला भोकं पाडून दिवा बोल्टने बसवला तर चालेल का? पट्टा सारखा घसरतो. – वाचक, शिरोली एमआयडीसी

भोकं पाडू नका. कवचात भोक पडलं की मार तिथून फाकतो, शिवाय बोल्टचं आतलं टोक डोक्याकडे येतं. कारखान्याचं हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असतं, आपल्याकडे त्यासाठी आयएस २९२५ हे मानक आहे. युरोपातल्या मानकांत फरक स्पष्ट दिसतो : कारखान्याच्या, म्हणजे ईएन ३९७ च्या, हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा १५ ते २५ किलोच्या ओढीला सुटला पाहिजे, म्हणजे हेल्मेट कुठे अडकलं तर कामगाराला गळफास बसू नये. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ चा पट्टा ५० किलोपर्यंत टिकला पाहिजे, म्हणजे पडताना हेल्मेट डोक्यावरून निघून जाऊ नये. गुहेत तुम्ही पडता, आपटता, उलटे होता. तिथे दुसऱ्या जातीचं हेल्मेट हवं. त्याला दिव्याच्या पट्ट्यासाठी चार कड्याही असतात.

घसरण थांबवायला सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून हेल्मेटभोवती ताणून बसवा आणि दिव्याचा पट्टा तिच्यावर घ्या. रबरावर रबर सरकत नाही. हवेच्या झरोक्यांतून प्लास्टिकचे दोन झिप टाय पट्ट्याभोवती आवळले की कपारीत घासूनही दिवा निघत नाही. दिवा अगदी मध्यावर आणि कोन असा, की ताठ उभं राहिल्यावर उजेडाचा मध्य तीन मीटरवर पडेल.

वटवाघळांना दिव्याचा त्रास होतो म्हणतात. लाल उजेड लावला की पुरे का? – वाचक, गडहिंग्लज

लाल उजेडाने त्रास कमी होतो, थांबत नाही. आवाज आणि गर्दी त्यांना तितकीच खुपते. पाच-दहा लुमेनचा लाल उजेड, तोही जमिनीकडे, आणि थव्याखाली थांबायचं नाही. लाल उजेडात चिखल आणि ओला दगड सारखेच दिसतात, तेव्हा अवघड जागी पांढरा मंद उजेड पायाशी लावणंच शहाणपणाचं. विष्ठेची कोरडी धूळ फुप्फुसात गेली तर बुरशीचा आजार होऊ शकतो, एन ९५ मास्क घाला.

तुमच्या भागातून दोन जागा जवळ आहेत, त्यांबद्दल सांगायलाच हवं. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहा म्हणजे रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ विज्ञानाला जिथे पहिल्यांदा सापडलं ती जागा. तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये, दिवा कितीही लाल असो. आणि आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी असलेल्या पाण्यात २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली, २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या पाण्यात झोत टाकून मासे शोधत बसू नका आणि चिखलाचा दिवा त्या पाण्यात धुऊ तर अजिबात नका.

घरात आजोबांचा पितळी कार्बाइडचा दिवा आहे. त्याला ना सेल लागतो, ना रिंग. गुहेत नेऊ का? – वाचक, आजरा

कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडतं, ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो बारीक तोटीशी जळतो. उजेड मऊ, चौफेर पसरणारा, आणि जुन्या पिढीच्या गुहावाल्यांचा त्यावर फार जीव. पण उघडी ज्योत नायलॉनच्या दोरीला क्षणात वितळवते, छतावर काजळीचे डाग सोडते, आणि उरलेला चुना पिशवीत भरून बाहेर आणावा लागतो. ओला अर्धवट चुना घट्ट डबीत कोंडला तर आत वायू साठत राहतो. दिवा घासूनपुसून घरात मांडा.

एक गोष्ट मात्र ज्योत सांगत होती, जी एलईडी सांगत नाही. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की मेणबत्ती विझते. एलईडी आणि सेल मात्र हवा कितीही खराब असली तरी तसेच जळत राहतात. म्हणजे दिवा चांगला चालतोय म्हणून हवा चांगली, असं धरू नका. उलटही खरं : ज्योत जळत असताना कार्बन डायऑक्साइड त्रास देण्याइतका वाढलेला असू शकतो. खोलगट, पानपाचोळा कुजलेल्या भुयारात चढ नसताना धाप लागली, डोकं ठणकू लागलं, तर आल्या वाटेने लगेच मागे फिरायचं. सगळ्यात मागे असलेल्याने पुढे व्हायचं आणि बाहेर येईपर्यंत कुणी खाली बसायचं नाही, कारण जड वायू तळाशी साठतो.